माऊथपीस आधी, वाद्य नंतर

वाचकाचं पत्र

"माझी मुलगी सहावीत आहे. वय ११, उंची साडेचार फुटांच्या आत. शाळेच्या बँडमध्ये तिची निवड झालीय. बँडचे सर म्हणतात, पितळी वाद्यांत जागा आहेत. ट्रंपेट, युफोनियम, ट्रॉम्बोन, काय ते आठवडाभरात ठरवा. तिला ट्रंपेटच हवाय. शाळेत दोन युफोनियम नुसती पडून आहेत, ट्रंपेट मात्र ज्याचा त्याने आणायचा. तिच्या मामाने ऑनलाईन एक लाल रंगाचा ट्रंपेट बघून ठेवलाय, साडेसात हजारांचा. शेजारचे एक काका पूर्वी लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे, ते त्यांचं जुनं युफोनियम सहा हजारांत द्यायला तयार आहेत, पण एक पिस्टन (बोटाने दाबायचा खटका) अडकतो म्हणाले. मुलीचे वरचे दात जरा पुढे आहेत, पुढच्या वर्षी तारा लावायच्या आहेत. सासूबाईंचं म्हणणं, फुंकून फुंकून ओठ जाड होतील, गाल लोंबतील. त्यात आम्ही विजापूर रोडला फ्लॅटमध्ये राहतो. घरात पेटीपलीकडे कुणी काही वाजवलेलं नाही. काय घ्यावं?"
– एक आई, सोलापूर

ताई, सगळ्यात आधी मामांना ती ऑर्डर थांबवायला सांगा. ट्रंपेट वाईट म्हणून नव्हे. तुमच्या मुलीचे ओठ कुठल्या मापाच्या माऊथपीसवर, म्हणजे तोंडाला लावायच्या वाटीसारख्या भागावर, सहज बोलतात, हे अजून कुणी पाहिलेलंच नाही म्हणून. पितळी वाद्यात स्वर पितळ काढत नाही, ओठ काढतात. ओठ माऊथपीसच्या वाटीत थरथरतात आणि पुढची नळी ती थरथर मोठी करते. ट्रंपेटच्या वाटीचा आतला व्यास साधारण १६ मिलिमीटर, युफोनियमचा, म्हणजे मांडीवर घेऊन वाजवायच्या मोठ्या वाद्याचा, आणि ट्रॉम्बोनचा २५ च्या आसपास. कुणाचे ओठ छोट्या वाटीत चटकन बोलतात, कुणाचे मोठ्या. चेहरा पाहून हे सांगता येत नाही. जाड ओठांना ट्रंपेट जमत नाही हे ऐकीव आहे. लावून बघितल्याशिवाय कळायचं नाही.

सरांकडून दोन माऊथपीस दोन-तीन दिवसांपुरते मागून घ्या, एक ट्रंपेटचा आणि एक युफोनियमचा. वाद्य नको, नुसते माऊथपीस. साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन, पुसून घ्या. मुलीला खुर्चीत ताठ, पाठ न टेकता बसवा. ओठ जिभेने ओले करायचे, 'म' म्हणताना मिटतात तसे मिटायचे, दोन्ही कोपरे घट्ट पण मधला भाग सैल ठेवायचा, आणि मधूनच हवा सोडायची. आधी माऊथपीसशिवाय, मग लावून. माऊथपीस मुठीत धरू देऊ नका. अंगठा आणि दोन बोटांनी, दांडीच्या टोकाजवळ धरला की तोंडावर दाबायला जोरच मिळत नाही. ट्रंपेटचा माऊथपीस साधारण अर्धा वरच्या आणि अर्धा खालच्या ओठावर येतो, युफोनियमचा बराचसा वरच्या ओठावर. माशी गुणगुणावी तसा आवाज आला की बरोबर. नुसती फुस्स हवा गेली तर ओठ फार सैल आहेत किंवा फाकलेत. काहीच बाहेर आलं नाही तर फार आवळलेत.

आता तीन गोष्टी बघा. फार जोर न लावता आवाज सुरू होतो का? चार-पाच सेकंद टिकतो का? आणि मुलगी त्या आवाजाला सायरनसारखं खालून वर, वरून खाली नेऊ शकते का? हे दोन्ही माऊथपीसवर करा आणि एक दिवस मध्ये सोडून पुन्हा करा, कारण पहिल्या दिवशी नवलाईतच अर्धा श्वास जातो. ज्या माऊथपीसवर ती कमी दमली आणि आवाज जास्त टिकला, तो तिचा. छोट्या माऊथपीसवर चिरका, पातळ, मध्येच तुटणारा आवाज येतोय आणि मोठ्यावर भरीव येतोय, असं दिसलं तर ट्रंपेटची हौस काही काळ बाजूला ठेवणं शहाणपणाचं. दोन्हींवर सारखंच जमत असेल तर मुलीची हौस जिंकू द्या. हौशीने उचललेलं वाद्य रोज हातात घेतलं जातं, ती बाब लहान नाही.

पण तुमच्या पत्रातल्या ताराच मला अडवतात. ट्रंपेटची कड छोटी असते आणि नेमकी पुढच्या दातांवर येऊन बसते, म्हणजे जिथे तारांचे कंस (ब्रॅकेट) चिकटवतात तिथेच. नवशिकं मूल वरचा स्वर काढायला माऊथपीस तोंडावर दाबतं. सगळेच दाबतात. तारा असताना दाबलं की ओठ आतून सोलून निघतो. तारा लावूनही ट्रंपेट वाजवणारी मुलं पुष्कळ आहेत. दातांच्या डॉक्टरांकडे मेण मिळतं, ते कंसावर दाबून बसवायचं. पण तारा बसल्यावर काही आठवडे स्वर बिघडतो, काढल्यावर पुन्हा बिघडतो, आणि वर्षभरात जेमतेम जमलेलं हातचं गेलं की मुलं वाद्यच सोडून देतात. युफोनियमची कड मोठी, दाब जास्त जागेवर पसरतो, आणि खालच्या स्वरांना तेवढा दाब मुळात लागतही नाही. डॉक्टरांना आत्ताच सांगून ठेवा की मुलगी फुंकवाद्य वाजवणार आहे. कंस निवडताना त्यांना ते माहीत असलेलं बरं.

तेव्हा माझा कौल असा: माऊथपीसच्या परीक्षेत ट्रंपेट ठळकपणे वरचढ ठरला नाही, तर शाळेचं युफोनियम घ्या. वाद्यावर एक रुपया घालू नका, फक्त माऊथपीस स्वतःचा आणा. आणि मुलीला पटेल असं कारणही आहे. ट्रंपेट आणि तीन पिस्टनचं युफोनियम यांची बोटं एकच. युफोनियमची नळी ट्रंपेटच्या जवळजवळ दुप्पट, म्हणून ते एक सप्तक खाली बोलतं, बाकी हिशोब तोच. पहिला पिस्टन दाबला की स्वर एक पूर्ण सुराने उतरतो, दुसरा दाबला की अर्ध्याने, तिसऱ्याने दीड. तुमच्या घरात पेटी आहे म्हणून पेटीच्या भाषेत सांगते. दोन्ही वाद्यं 'बी फ्लॅट'ची, म्हणजे त्यांचा सा काळी पाचवर. एकही पिस्टन न दाबता सा. रे साठी पहिला आणि तिसरा, ग साठी पहिला आणि दुसरा, म साठी नुसता पहिला, प पुन्हा मोकळा. मग ध ला पहिला-दुसरा, नी ला नुसता दुसरा, आणि वरचा सा मोकळा. सा, प आणि वरचा सा तिन्ही मोकळे असताना फरक कशाने पडतो? ओठांच्या ताणाने आणि हवेच्या वेगाने. मुलांना पहिले दोन महिने हेच शिकायचं असतं. बोटं तर आठवड्यात पाठ होतात.

सरांना एक विचारून घ्या: युफोनियमचं नोटेशन ते कुठल्या क्लेफमध्ये (स्वरलेखनात कुठल्या ओळीवर कुठला स्वर हे ठरवणारं चिन्ह) देतात? ट्रेबल क्लेफमध्ये दिलं तर मुलगी उद्या ट्रंपेटवर गेली तरी कागद आणि बोटं दोन्ही तीच राहतात. बास क्लेफमध्ये शिकली तर बोटं राहतात, वाचन मात्र नव्याने शिकावं लागतं. बँडला बास क्लेफच लागत असेल तर हट्ट धरू नका, पण विचारा.

ट्रॉम्बोनचं नाव या वयात, या उंचीला मी काढून टाकते. त्याला पिस्टन नाहीत, सरकती नळी आहे आणि तिच्या सात जागा. पहिल्यापासून सातवी जागा साधारण ६० सेंटिमीटर पुढे. नवशिक्याची पहिली सरगम काळी पाचपासूनच सुरू होते, आणि तिचा दुसराच स्वर, रे, सहाव्या जागेवर येतो. साडेचार फुटांच्या आतल्या मुलीचा हात तिथे पोचताना खांदा पुढे जातो, मान वळते, माऊथपीस ओठावरून सरकतो, आणि रे दर वेळी चढाच लागतो. आठवी-नववीत उंची वाढल्यावर खुशाल घ्या. फ्रेंच हॉर्नचा विषय शाळेच्या बँडमध्ये निघालाच तर नम्रपणे नको म्हणा. त्याचे मोकळे स्वर वरच्या भागात इतके जवळजवळ असतात की जाणत्यालाही नेमका पकडायला कष्ट पडतात. सूसाफोन, अंगाभोवती गुंडाळून वाजवायचं भलंमोठं वाद्य, दहा किलोच्या घरात जातो, तो मोठ्या मुलांचा. आणि शाळेत कुठे कॉर्नेट दिसला तर मात्र मला पुन्हा लिहा. नळी ट्रंपेटएवढीच, पण जास्त वळणं घेतलेली, त्यामुळे वाद्य अंगाजवळ राहतं आणि लहान हातांना पेलतं. ट्रंपेटचं वेड असलेल्या लहान मुलांसाठी तो उत्तम.

युफोनियमची अडचण वजनाची. तीन ते चार किलो. मुलगी खुर्चीत बसून ते मांडीवर ठेवेल तेव्हा माऊथपीस कुठे येतो ते बघा. बहुधा नाकाशी किंवा कपाळाशी येईल आणि ती हनुवटी वर करून वाजवू लागेल. हनुवटी वर गेली की घसा आवळतो आणि आवाज दबतो. अशा वेळी वाद्य मांडीवर न ठेवता दोन मांड्यांच्या मध्ये, खुर्चीच्या कडेवर टेकवायचं. उलट, खाली येत असेल तर मांडीवर उशी. माऊथपीस तोंडापर्यंत आला पाहिजे, तोंडाने माऊथपीसमागे जायचं नाही. आणि २६ जानेवारीला उभ्याने चालत वाजवायचं असेल तर खांद्यावरून जाणारा पट्टा लागेल. नुसत्या डाव्या हातावर तोललेलं वाद्य दहा मिनिटांत खाली झुकतं.

आता माऊथपीसची खरेदी. ट्रंपेटसाठी नवशिक्याचं ठरलेलं माप ७सी, युफोनियमसाठी १२सी किंवा ६½ एएल. पण युफोनियमच्या माऊथपीसची दांडी तीन जाडींत येते: बारीक, मधली, जाड. आकडा बरोबर आणि दांडी चुकीची, ही गंमत फार जणांची होते. म्हणून शाळेचं वाद्य समोर असल्याशिवाय घेऊ नका, किंवा शाळेचा जुना माऊथपीस नमुन्याला घेऊन दुकानात जा. दांडी साधारण इंचभर आत जाऊन घट्ट बसली पाहिजे. डुगडुगली तर बारीक आहे, टोकावरच अडली तर जाड. डुगडुगणारी दांडी टेप गुंडाळून बसवणारे भेटतील. त्याने हवा गळते आणि सगळे स्वर बेसूर होतात. कडेचा मुलामा बोटाने तपासा: चांदीचा हवा, सलग हवा. मुलामा उडून पितळ उघडं पडलेला माऊथपीस ओठाला हिरवट डाग पाडतो, कुणाला पुरळ येतं. आणि माऊथपीस स्वतःचा असण्याचं साधं कारण म्हणजे ओठावर जर (पाण्याचे फोड) आलेल्या मुलाचा माऊथपीस दुसऱ्याने लावला की आठवड्यात दोघांना जर.

शेजारच्या काकांच्या युफोनियमचं. सहा हजारांत ते वाईट नसेलही, पण शाळेचं फुकट मिळत असताना त्याची गरज काय, हा पहिला प्रश्न. घरी सरावाला वेगळं हवं असेल तर पुढचं बघून घ्या. भोंग्यावरचे पोचे बघून घाबरू नका. लग्नाच्या बँडमधलं वाद्य आहे, टेम्पोत आपटलेलं असणारच, आणि भोंग्यावरच्या पोच्यांनी आवाजाला फारसं काही होत नाही. पोचा माऊथपीसजवळच्या पहिल्या नळीत किंवा पिस्टनच्या नळकांड्यावर असेल तर मात्र सोडून द्या. अडकणाऱ्या पिस्टनचं कारण त्यांच्यासमोरच शोधता येतं. वरची चकती फिरवून तो पिस्टन बाहेर काढा. बाकीचे काढू नका, एका वेळी एकच. पिस्टनवर १, २, ३ आकडे कोरलेले असतात आणि त्यांची अदलाबदल चालत नाही. फडक्याने पुसा, नळकांडं आतून फडक्याने पुसा, चार थेंब व्हॉल्व ऑईल (पिस्टनचं खास तेल) टाका, परत घाला, खटकन बसेपर्यंत हळूच फिरवा. आता मोकळा चालला तर नुसता मळ होता. अजूनही त्याच ठिकाणी अडत असेल तर नळकांडं चेपलंय किंवा पिस्टन वाकलाय, आणि ती दुरुस्ती वाद्याच्या किमतीत मावत नाही. पिस्टनचा रंगही बघा: चंदेरी मुलाम्यातून खालचं तांबूस पितळ दिसतंय म्हणजे घासून घासून फट वाढलीय.

फट वाढली का, हे कानानेही कळतं. कुठल्याही पिस्टनची स्लाईड (आतबाहेर सरकणारी वाकडी नळी), पिस्टन न दाबता, अंगठ्याच्या पेराएवढी बाहेर ओढा. दोन-तीन सेकंद थांबा. मग पिस्टन दाबा. बाटलीचं बूच काढल्यासारखा 'पॉप' आला तर आत हवा धरून राहिली होती, पिस्टन ठीक. काही आवाजच आला नाही तर हवा गळतेय. तिन्हींवर करा. थुंकी काढायच्या चावीखालचा बुचाचा तुकडाही दाबून बघा. तो सुकून चिरलेला असतो आणि सगळं वाद्य फुसकं वाटायला लावतो. नवा बसवायला फार पैसे लागत नाहीत.

जुन्या वाद्यात आणखी एक खोच आहे, तिच्यात जाणतेही फसतात. इंग्रजी लष्करी बँडांची पट्टी एके काळी आजच्यापेक्षा चढी होती: आज 'ए' ४४० हर्ट्झ धरतात, तेव्हा ४५२ च्या आसपास. जवळजवळ पाव सुराचा फरक. त्या पट्टीला बनवलेली वाद्यं हातोहाती फिरत अजून मिळतात. मोबाईलवर फुकटचं ट्यूनर ॲप घ्या, कुणा जाणत्याला पाच मिनिटं वाजवून वाद्य गरम करायला लावा आणि मोकळा सा काढायला सांगा. ॲपवर बी फ्लॅट किंवा ए शार्प दिसलं पाहिजे, पेटीवर काळी पाचशी जुळलं पाहिजे. मुख्य स्लाईड बोटाच्या पेराएवढी ओढून जुळत असेल तर उत्तम. टोकापर्यंत ओढूनही स्वर चढाच राहत असेल तर ते वाद्य शाळेच्या बँडमध्ये कधीच मिसळणार नाही, फुकट दिलं तरी नको.

मामांच्या लाल ट्रंपेटबद्दल. रंगाने आवाज बिघडत नाही. बिघडवतात ते आतले पिस्टन आणि सांधे. नाव-गाव नसलेल्या स्वस्त नव्या ट्रंपेटमध्ये पिस्टन नीट घासून बसवलेले नसतात, त्यामुळे ते पहिल्याच महिन्यात वर यायला कुरकुरतात. स्लाईडचा डाख सुटतो. आणि चकत्यांचे आटे भलत्याच मापाचे, म्हणून सुटा भाग कुठे मिळत नाही. मूल समजतं आपल्यालाच येत नाही. त्यापेक्षा नामांकित कंपनीचा विद्यार्थ्यांसाठीचा जुना ट्रंपेट, यामाहाचा २३३० किंवा त्यासारखा, वर दिलेल्या परीक्षांना उतरला तर डोळे मिटून घ्यावा. नवा या लाल ट्रंपेटच्या कितीतरी पट महाग, पण पाच वर्षांनी विकतानाही किंमत येते. प्लॅस्टिकचे ट्रंपेट मिळतात त्यांना हसू नका. पितळीच्या निम्म्या वजनाचे असतात, पडले तरी पोचे येत नाहीत. आवाज जरा बोथट आणि पिस्टनला वारंवार पाणी-तेल लागतं, पण पहिल्या वर्षाला चालतात.

मेरठच्या वाद्यांचं काय, हे कुणीतरी विचारेलच. आपल्याकडच्या बँडची बहुतेक पितळी वाद्यं मेरठच्या जाळी कोठी भागातून येतात. नादिर अली कंपनी तिथे १८८५ पासून आहे. तो माल सरसकट वाईटही नाही, सरसकट चांगलाही नाही. बिगुलात बिघडण्यासारखं काही नसतं, तो कुठूनही घ्या. पिस्टनच्या वाद्यात मात्र एकाच खोक्यातली दोन वाद्यं वेगळी निघतात. म्हणून फोनवर मागवू नका, हातात घेऊन पॉप ऐका, ट्यूनर लावा, आणि तिसऱ्या पिस्टनची स्लाईड हलते का बघा. ट्रंपेटवर रे काढताना, पहिला-तिसरा एकत्र दाबल्याने, स्वर जरा चढा लागतो. तो उतरवायला त्या स्लाईडला बोट अडकवायची कडी असते आणि ती सेंटिमीटरभर पुढे सरकवावी लागते. जाम असेल तर रे जन्मभर चढा.

देखभाल. यात सोलापूरचं स्वतःचं काही आहे म्हणून थोडं सविस्तर सांगते. पिस्टनमध्ये खोबरेल घालायची बँडवाल्यांत पद्धत आहे. एप्रिलमध्ये ते चालल्यासारखं वाटतं. पण खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं, आणि जानेवारीत पहाटेच्या परेडला, नेमक्या प्रजासत्ताक दिनी, तिन्ही पिस्टन जागच्या जागी चिकटतात. शिलाई मशीनचं तेलही नको, ते दाट पडतं आणि धूळ धरतं. व्हॉल्व ऑईलची छोटी बाटली काही महिने पुरते. रोज वाजवत असेल तर दिवसाआड प्रत्येक पिस्टनला तीन-चार थेंब. स्लाईडना ग्रीस, ते नसेल तर व्हॅसलीन चालतं. पिस्टनला व्हॅसलीन कधीच नाही.

महिन्यातून एकदा अंघोळ. पाणी कोमट, कढत नाही, कढत पाण्याने लॅकर (वरचा चकचकीत लेप) पापुद्र्यासारखा निघतो. बादलीत भांडी घासायचा सौम्य साबण, लवचिक ब्रश नळ्यांतून फिरवायचा, पिस्टन वेगळे धुवायचे पण त्यांचे नमदे भिजवायचे नाहीत. बोअरचं पाणी असेल तर धुतल्यावर लगेच सुक्या फडक्याने टिपा, नाहीतर क्षारांचे पांढरे डाग राहतात. आणि देवाच्या समई-तांब्यांबरोबर हेही घासून टाकू, असं कुणाच्या मनात आलं तर हात धरा. पितांबरी, चिंच, लिंबू, काहीही नाही. वर लॅकरचा थर असतो तो जातो, आणि पावडर पिस्टनमध्ये शिरली की तिथे कानसच चालते. नुसतं मऊ सुती फडकं पुरे.

माऊथपीस तळहाताने ठोकायचा नाही. मुलांना तो 'पॉक' आवाज आवडतो, आणि माऊथपीस अडकतो. अडकला तर पक्कड लावू नका, नळीचा डाख तुटेल. त्यासाठी पुलर नावाचं साधं अवजार असतं, बँडवाल्यांकडे किंवा वाद्यदुरुस्ताकडे मिळतं. दुरुस्तीला कोण, हे इथल्या लग्नाच्या बँडवाल्यांना विचारा. त्यांचे पोचे दर हंगामात कुणीतरी काढतंच. आणि शेंगाचटणी-भाकरी खाऊन तसंच वाजवायला बसू देऊ नका. चूळ भरायला लावा, तिखटाचा तो लगदा थेट पहिल्या नळीत जाऊन बसतो. सरबत-कोल्ड्रिंकनंतर तर नक्कीच, साखरेने पिस्टन चिकटतात.

उन्हाळ्यात वाद्य गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. हवा तापली की स्वर चढतो, म्हणून मे महिन्यात मुख्य स्लाईड नेहमीपेक्षा जास्त ओढावी लागेल, आणि डिसेंबरच्या सकाळी वाजवण्याआधी दोन मिनिटं नुसती हवा फुंकून नळी ऊबदार करावी लागेल. मुलीला हे कारणासकट सांगा, नाहीतर ती ओठ आवळून सूर जुळवायला जाईल.

सराव पहिल्या महिन्यात दिवसातून दोनदा, दहा-पंधरा मिनिटं. एकदम अर्धा तास नाही. दोन मिनिटं नुसता माऊथपीस, मग लांब स्वर: सा वर आठ मात्रा, तेवढाच वेळ विश्रांती, मग रे. ओठ दुखायला लागले की थांबायचं. दुखऱ्या ओठाने वाजवलं की मूल दाबायला शिकतं, आणि ती सवय मोडायला वर्ष जातं. सुरुवातीला चक्कर आल्यासारखं होईल, खोल श्वासाची सवय नसते म्हणून. वाद्य खाली ठेवून मिनिटभर बसायचं. दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून मगच. राष्ट्रगीताची घाई सगळ्यांना असते. ते ५२ सेकंदांचं आहे, पण शेवटी येणाऱ्या 'जय हे'मधलं पहिलं वरच्या सा वर जातं. तिथेच नवशिकी मुलं माऊथपीस दातांवर रोवतात. वरचा सा न दाबता येईपर्यंत तिला खालच्या ओळी वाजवू द्या. बँडमध्ये तेवढं चालतं, सरांना सांगून ठेवा.

सासूबाईंना सांगा, ओठांवर गोल लाल वळ उठतो तो थोड्या वेळात जातो, ओठ कायमचे जाड होत नाहीत. गालांचं मात्र त्या अगदी चुकीचं बोलत नाहीत. गाल फुगवून वाजवणं ही वाईट सवय आहे, हवा तिथेच साठते आणि स्वर हलतो. पहिल्या दिवसापासून आरशासमोर बसवा. गाल फुगले की आजींनीच टोकायचं, ते काम त्यांना द्या.

शेजाऱ्यांचं. सरावाची मूक कॅप, प्रॅक्टिस म्यूट, नवशिक्याला रोज लावू नका. तिने फुंक अडते आणि सूर सरकतो, मूल चुकीचा जोर शिकतं. युफोनियमचा आवाज ट्रंपेटएवढा टोचत नाही, हाही तुमच्या बाजूचा मुद्दा. भोंगा खिडकीकडे न करता कपड्यांच्या उघड्या कपाटाकडे करा, भिंतीवर दोन जाड सोलापुरी चादरी टांगा. भिंतीपलीकडचा आवाज त्याने फार थांबणार नाही, पण खोलीतला घुमारा मरतो. दुपारी एक ते चार सोडून द्या. संध्याकाळी साडेसहाची वेळ ठरवून वरच्या-खालच्या मजल्यावर आधीच सांगा. आवाज दहा-पंधरा मिनिटांचाच आहे हे कळलं की लोक सहसा काही म्हणत नाहीत.

सोमवारी सरांकडे तीन गोष्टी विचारा: युफोनियम शनिवार-रविवार घरी नेऊ देतात का, त्याला ठेवायची पेटी (केस) आहे का, आणि वाद्य बिघडलं तर खर्च कोणाचा. पेटी नसेल तर मामांच्या साडेसात हजारांतून जाड अस्तराची पिशवी, माऊथपीस आणि तेल घ्या. उरलेले तसेच ठेवा. तारा निघाल्यावर ट्रंपेटचा विचार पुन्हा करता येईल.